सोन्याला कोंडा नसतो

बाई,

तुमची प्रकृती कशी आहे, असं विचारायची आता सोय उरलेली नाही, त्यामुळे पत्र सुरू कुठून करावं हेच कळत नाही. आपल्याकडे पत्र म्हणजे पहिल्या ओळीत समोरच्याची प्रकृती विचारायची, दुसरीत आपली उत्तम असल्याचं कळवायचं, शेवटी ती जपायला सांगायची, आणि मध्ये जागा उरलीच तर कामाचं लिहायचं. तुम्हाला हा प्रकार मंजूर नव्हता. नववीत मराठीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून आमच्या वह्या तुमच्याकडे, संस्कृतच्या बाईंकडे, आल्या. मामाला लिहिलेल्या पत्रात मी ‘आपली प्रकृती ठीक असेलच’ असं झोकात लिहिलं होतं. तुम्ही समासात लाल शाईने विचारलंत, ‘हे तुला घरबसल्या कसं कळलं?’

तो प्रश्न मला इतक्या वर्षांनी लागू पडला आहे. परवा आंघोळ करताना डाव्या काखेखाली, जरा पुढच्या बाजूला, सुपारीएवढं काहीतरी हाताला लागलं. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं, निदान तक्रार करता आली असती. ‘परवा’ हे मी सवयीने लिहिलं. खरं म्हणजे त्याला दोन आठवडे होऊन गेले. अजून कुणालाही सांगितलेलं नाही. शाळेत जाते, आठवीला संस्कृतचा ‘देव’ शब्द चालवून दाखवते, घरी येते, आणि पडलेल्या दाताच्या खाचेकडे जीभ जावी तसा हात पुन्हा पुन्हा तिथे जातो. आमच्या कळव्याच्या घराच्या भिंती अशा की शेजारी मिरचीची फोडणी पडली की शिंका आम्हाला येतात. अशा घरात एवढी गोष्ट दोन आठवडे लपून राहते, याचंच मला त्या सुपारीपेक्षा जास्त भय वाटायला लागलं आहे. आणि लपवायचं कसं हे मी कुठे शिकले ते आज दुपारी एकदम लक्षात आलं, म्हणून कागद पुढे ओढला.

मी तेव्हा ठाण्याच्या शाळेत नुकती लागले होते. दहावीला संस्कृत शिकवायची धास्ती होती, म्हणून दर शनिवारी शाळा सुटली की मी डोंबिवलीला तुमच्याकडे. तुम्ही निवृत्त झालेल्या, एकट्या. बाहेरच्या खोलीत एक कॉट आणि दाराला टेकलेली पुस्तकांची कपाटं. आत ओटा, आणि ओट्यावर तो कुकर, ज्याच्यात तुम्ही एका जिवापुरता भात लावायचात. बोलणं कितीही रंगलेलं असो, शिट्टी झाली की तुम्ही वाक्य अर्धं सोडून उठायचात. मी ते अर्धं वाक्य हातात धरून बसून राहायची. परत येऊन तुम्ही ते बरोबर त्याच शब्दापासून पुढे न्यायचात, जसं काही मध्ये काही घडलंच नाही.

डोंबिवलीत माणसाला नळाचं पाणी मिळायच्या आधी व्याख्यानमालेचं निमंत्रण मिळतं, हे तुमचंच म्हणणं. तरी तुम्हाला ते बऱ्याच उशिरा मिळालं. वाचनालयाचे चिटणीस घरी आले होते. मी आत चहा करत होते, तरी मला सगळं ऐकू येत होतं.

“बाई, विषय काय छापू? ‘संस्कृत काव्यातील निसर्ग’ छापतो. लोकांना आवडतं.”

“नको. ‘प्रकृती’ एवढंच छापा.”

“म्हणजे आरोग्यविषयक?”

“म्हणजे काय ते ऐकायला या.”

चिटणीस चहा न संपवता गेले. घाबरले असावेत.

तुमची कामाची एक रीत होती. शब्द कोशात राहत नाही, तिथे त्याचा फक्त पत्ता असतो, असं तुम्ही म्हणायचात. त्याला भेटायचं तर ज्या ज्या शास्त्रात तो राहतो तिथे जायचं, तिथल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं. व्याकरण तर तुमचं घरचंच: प्रत्यय ज्याला लागतो ते शब्दाचं मूळ अंग, ती प्रकृती. सांख्यांसाठीही कुठे जावं लागलं नाही. तुम्ही गवार निवडता निवडता सांगितलंत, तिन्ही गुण समतोल असतात तोवर प्रकृती नुसती असते, काहीच घडत नाही. समतोल बिघडला की जग सुरू.

मी विचारलं, “म्हणजे जग हा बिघाड आहे?”

“तुला आजवर काही वेगळा अनुभव आला का?” आणि पुढची शेंग उचलत म्हणालात, “लाजाळूही आहे हं ती. आपल्याला कुणी पाहिलं एवढं कळलं की पुन्हा समोर येत नाही.”

राजनीतीतल्या प्रकृती तुम्ही मला बोटांवर पाठ करायला लावल्यात: राजा, अमात्य, मुलूख, किल्ला, खजिना, फौज, मित्र. ही राज्याची अंगं, आणि शब्द तोच. मित्र शेवटी का, असं मी विचारलं. “बाकीचं सगळं गेलं की तोच मोजायचा उरतो म्हणून,” असं तुम्ही म्हणालात. हे शास्त्रात आहे की तुमच्या मनचं, ते मी अजून तपासलेलं नाही.

मग याज्ञिकांकडे ठाण्याला. तुमच्या वडिलांच्या ओळखीचे अण्णा, तलावपाळीच्या मागे दुसऱ्या मजल्यावर राहणारे. स्टेशनवरून चालत निघालो तेव्हा तुम्ही मला हाताला धरून उजवीकडून डावीकडे आणलंत.

“अशी डावीकडून चाल.”

“शिष्याने डावीकडून चालायचं असतं का?”

“असतं.”

मी विश्वास ठेवला. पुढे खरं कारण कळलं, तरी कितीतरी वर्षं माझ्या विद्यार्थिनींना मी हेच सांगत आले. आता कधी सहलीला गेलो की दोघीतिघी माझ्या डाव्या बाजूला शिस्तीत चालतात, आणि मला त्यांच्याकडे बघवत नाही.

अण्णांना बोलायला माणूसच हवा होता. म्हणाले, सगळ्या इष्टींचा, म्हणजे लहान यागांचा, साचा एकच. दर्शपूर्णमास, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेचा याग, ही प्रकृती, ती पहिल्या पळीपासून शेवटच्या आहुतीपर्यंत सांगितलेली. बाकीच्या तिच्या विकृती. विकृती म्हणजे वाईट नव्हे, तिच्यावरून बेतलेल्या. त्यांच्याबद्दल शास्त्र फक्त वेगळं असेल तेवढंच सांगतं. न सांगितलेलं सगळं प्रकृतीवरून घ्यायचं. माझा चेहरा बघून त्यांनी आत हाक मारली.

“सूनबाई, बेसनाचे लाडू कसे करतेस?”

“तुपात बेसन भाजायचं, निवलं की पिठीसाखर घालायची नि वळायचे.” आतून आवाज आला. “का? खायचेत का आत्ता?”

“आणि रव्याचे?”

“तसेच. फक्त पाक करायचा.”

“ऐकलंस? ‘तसेच.’” अण्णा माझ्याकडे वळले. “आमची अर्धी मीमांसा या एका शब्दात आहे.”

पण सूनबाई हात पुसत दारात आल्या. “अण्णा, सगळंच तसंच नाही हं. बेसन निवेपर्यंत थांबतात. रवा-पाक पार निवेपर्यंत थांबलात तर कढईतच दगड. मग बसा फोडत, आणि म्हणा सुनेला येत नाही.”

अण्णांना एवढा आनंद झाला की ते चटईवरून अर्धे उठले. “हा बाध! मुळात आहे, पण इथे कामाचं नाही, ते गाळायचं. मूळ यागात भात कांडतात, का? कोंडा जावा म्हणून. आता एका विकृतीत भाताऐवजी सोन्याचे दाणे घ्यायला सांगितलेत. मग ते कांडायचे का?”

“प्रकृतीत आहे म्हणजे कांडायचे,” मी म्हटलं. मी तशी आज्ञाधारकच.

तुम्ही उजव्या हाताने मांडीवर थाप मारलीत. “अगं वेडे, सोन्याला कोंडा नसतो!”

तुम्हाला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं. जिना उतरताना, रस्त्यात, स्टेशनवर, तुम्ही ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतात. मी तुमच्या डावीकडून चालत होते.

शेवटचं घर वैद्यांचं. कल्याणला पारनाक्याजवळ दवाखाना, वैद्य तुमच्याच हाताखाली शिकलेले, चाळिशीचे, तुम्हाला बघून खुर्चीतून उठलेले. प्रकृती तोंडी सांगता येत नाही, हात दाखवा, म्हणाले आणि माझा डावा हात धरला. बायकांचा डावा, पुरुषांचा उजवा.

“झोप लागते?”

“लागते की.”

“कधी?”

“उठायच्या वेळेला.”

“बाहेर पडल्यावर कुलूप लावलंय का ते बघायला परत जाता?”

“एकदाच.”

“गॅससाठी वेगळं, की त्याच फेरीत?” ते तुमच्याकडे वळून म्हणाले, “बाई, अशी स्वच्छ वातप्रकृती पुस्तकातसुद्धा नसते. आता तुमचा हात द्या. दोन नाड्या शेजारी ठेवल्या की फरक यांनाही कळेल.”

तुम्ही उजवा हात पुढे केलात.

तो क्षण मला अजून तसाच दिसतो. पुढे आलेला उजवा हात, वैद्यांची अधांतरी थांबलेली तीन बोटं. आतल्या खोलीत खलबत्ता चालू आहे. वैद्य अगदी हळू म्हणतात, “बाई, डावा.”

“उजव्याने काय घोडं मारलंय? रक्त एकच ना?”

“बाई, तुम्हीच मला हे पाठ करून घेतलंत.”

“मग आता विसर.”

थट्टा तुम्ही नेहमीच करायचात. पण तुम्ही शास्त्रात चुकत नसायचात. एखादा ऱ्हस्व दीर्घ झाला तर तुम्हाला जेवण गोड लागत नसे. ज्या बाईंनी स्वतःच्या साठीशांतीला आलेल्या भटजींना मध्येच थांबवून विभक्ती दुरुस्त करायला लावली, त्या चुकीचा हात पुढे करतात आणि तोच रेटतात, हे मी पहिल्यांदाच बघत होते. वैद्यांनी बोटं मागे घेतली नाहीत. मग तुम्ही पदराखालून डावा हात काढलात, दुसऱ्या कुणाची ठेव परत करावी तसा. लांब बाह्यांची पोलकी तुम्ही घालायला लागलात ती निवृत्त बाईंची शोभा, असं आम्ही सगळे समजत होतो. मनगटात बांगडी रुतून बसली होती. वैद्यांनी नाडी पाहिलीच नाही. अंगठ्याने हात जरासा दाबला; खड्डा पडला, तो भरून यायला तयार नव्हता.

“कधीपासून?”

“या उन्हाळ्यापासून.”

“आणखी काही आहे?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. “ही बाहेर बसेल.”

मी बाहेर बाकावर बसले. समोर पाचक चूर्णाची पाटी होती, ती मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यातली शुद्धलेखनाची चूक मला आजही सांगता येईल. तुम्ही आलात तेव्हा वैद्य दारापर्यंत पोचवायला आले होते. माझ्यासमोर मुद्दाम म्हणाले, “माझ्याकडे याला औषध नाही, बाई. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जा. याच आठवड्यात.”

“व्याख्यान झालं की जाते.”

“बाई, अहो…”

“व्याख्यान झालं की, म्हटलं ना.”

रस्त्यावर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले. “पित्तप्रकृती म्हणाले,” असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, “बाई, खरं सांगा.” तेव्हा भर बाजारात, टोपल्यांच्या मध्ये उभ्या राहून तुम्ही मला जे बोललात, तसं शाळेत सुद्धा कधी बोलला नव्हतात. “हे बघ, तू वाताची. आत्ताच शिक्का बसलाय. वाऱ्याने दार वाजलं तरी तुला चोर दिसतो. तुझी भीती माझ्या अंगावर पांघरू नकोस. आणि यातलं अक्षर कुठे बोललीस तर शनिवारी यायचं नाही.” कांदेवालीने कांदे तोलायचे थांबवून आमच्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि सवयीने तुमच्या डावीकडे आले, आणि तेव्हा मला कळलं की मी डावीकडे का होते. कुणाचा धक्का लागू नये म्हणून. मी शिष्या नव्हते, कुंपण होते.

व्याख्यानाला अजून तीन आठवडे होते. मी शनिवारी येत राहिले, कारण न येण्याची भीती जास्त होती. तुम्ही टिपणं काढायचात, मी तुमच्या बाहीकडे बघायची. तुम्ही खोकलात की मी घड्याळ बघायची, जसं काही खोकला वेळापत्रकाप्रमाणे येतो. एकदा मी आत आले तर तुम्ही कुकर जमिनीवर पायांत धरून एका हाताने झाकण फिरवायला बघत होतात. मी तो उचलला, झाकण लावलं, गॅसवर ठेवला. तुम्ही म्हणालात, “रबर ढिलं झालंय.” मी म्हटलं, “हो, बदलायला हवं.” दोघींनी इतक्या गंभीरपणे त्या रबराची चर्चा केली की कुणाला वाटावं त्याचंच व्याख्यान आहे.

सभागृह भरलं होतं. मी पहिल्या रांगेत, तुमच्या पाण्याच्या पेल्यावर डोळे लावून. भोंगा मधूनच शिट्टी मारायचा आणि माझा जीव जायचा. तुम्ही मात्र काय बोललात, बाई! व्याकरणातली प्रकृती, सांख्यांची, राज्याची. अण्णांच्या सूनबाईंचे लाडू सांगितलेत तेव्हा बायकांच्या बाजूला हशा उसळला. सोन्याचे दाणे सांगितलेत तेव्हा एक निवृत्त गृहस्थ “वा!” म्हणून असे ओरडले की शेजारचे दचकून जागे झाले. एकच शब्द, ज्याच्या त्याच्या शास्त्रात वेगळा, आणि तरी सगळीकडे एकच प्रश्न विचारणारा, की बाकीचं सगळं काढून घेतलं तर खाली काय उरतं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. तुम्ही नमस्कार केलात. टाळ्या पडल्या. आयुर्वेदाचा तुम्ही उच्चारही केला नव्हतात.

प्रश्न असतील तर विचारा, अध्यक्ष म्हणाले. मागून वैद्य उभे राहिले. ते आलेत हे मला तोवर माहीतच नव्हतं.

“बाई, सगळ्यांना ठाऊक असलेली प्रकृती राहिली. आमच्या शास्त्रातली.”

तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. एका हाताने, टेबलावर ठेवून. “वैद्यराज, वक्त्याने थोडं पुढच्यासाठी ठेवावं.”

लोक हसले. वैद्य हसले नाहीत. “मग कधी सांगाल? सोमवारी?”

तुम्ही टिपणांचा गठ्ठा उजव्या हाताने सरळ केलात, पुन्हा केलात; लोकांना तो अभिनय वाटला. मग म्हणालात, “बरं. सोमवारी.”

टाळ्या! दुसरं व्याख्यान जाहीर झालं असंच सगळ्यांना वाटलं. अध्यक्ष घाईघाईने ध्वनिक्षेपकाकडे धावले, “एक सूचना, सोमवारी सभागृह लग्नाला दिलेलं आहे, तरी बाईंच्या पुढील व्याख्यानाची तारीख…” मी हसत होते की रडत होते ते सांगता येणार नाही. सोमवारी सकाळी तुम्ही हातात पिशवी घेऊन तयार होतात. चार लोकांत दिलेला शब्द मोडणं तुम्हाला अशक्य होतं, हे त्या विद्यार्थ्याने बरोबर ओळखलं होतं. तुम्ही त्याला काय काय शिकवलं असेल ते असो, तो तुम्हाला वाचायला शिकला होता.

हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला तपासलं. पडद्याच्या अलीकडे मी. “आजी, छातीतली गाठ किती दिवसांची?” आणि तुमचा आवाज, वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीसारखा: “तीन वर्षं.”

परतताना मी तुमच्याशी भांडले. तीन वर्षं, बाई? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, “आधी दहावीचा शेवटचा वर्ग होता. म्हटलं, तो झाला की. मग आईचं वर्षश्राद्ध. ते झालं की. मग हे आलं.”

“आणि हे आलं नसतं तर?”

“तर दुसरं काहीतरी आलं असतं.” मग दिवा स्टेशन गेल्यावर, “अगं, सांगायचं कसं? कुठल्या शब्दात? वैद्य माझा विद्यार्थी. डॉक्टर परके. सगळी शास्त्रं धुंडाळली, पण ‘इथे बघा’ म्हणायला मला शब्द सापडेना.”

त्यानंतर दीड वर्ष तुम्ही होतात. शस्त्रक्रियेनंतर हात काही पूर्वीसारखा झाला नाही. एका शनिवारी तुम्ही कुकर घासूनपुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. “हा ने. झाकण लावायला दोन हात लागतात, आणि तुझं आता लग्न ठरलंय म्हणजे तुमच्यात चार असतील.” मी नको म्हटलं तर म्हणालात, “मी पातेल्यात भात करते. शिट्टी होत नाही, त्यामुळे वाक्यं पुरी होतात.” ते शेवटचं वर्ष तुम्ही खरंच वाक्यं पुरी केलीत. पण घाबरलात का, हे मी कधी विचारलं नाही, आणि ते तुम्ही सांगितलं नाहीत.

तो कुकर आत्ता आमच्या ओट्यावर आहे. हे पहिल्या पाळीला असले की संध्याकाळचा कुकर ह्यांच्याकडे. संसाराला दहा-बारा वर्षं झाली, पण डाळ स्वतःच्या मनाने घेतील तर शपथ. मघाशीही हाक आली, “अगं, एक वाटी की दीड?” मी दीड म्हटलं. आणि मनाशी ठरवलं, कुकर निवला की सांगते.

हे वाक्य मी मनात म्हटलं आणि हातातलं पेन थांबलं. वर्ग झाला की. वर्षश्राद्ध झालं की. व्याख्यान झालं की. कुकर निवला की. अशा वेळी काय करायचं ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी ते मुळावरून उचललं, अण्णांनी सांगितलं तसं, अगदी आज्ञाधारकपणे. लांब बाह्यांचे ब्लाउज तेवढे शिवायला टाकायचे राहिले होते. पण सूनबाई दारात येऊन ‘सगळंच तसंच नाही’ म्हणाल्या ते मी विसरले. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही एकट्या होतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या, कुलूप दोनदा बघणाऱ्या पोरीला तुम्ही काय सांगणार होतात? माझ्या स्वयंपाकघरात दीड वाटी डाळ मोजणारा माणूस उभा आहे. तुमच्या गप्प राहण्याला काहीतरी कारण होतं, भात कांडायला असतं तसं; माझ्या गप्प राहण्याला ते नाही. शब्द मलाही सापडलेला नाही. पण ह्यांना शब्द लागत नाही, बाई. हात धरून तिथे ठेवला तरी कळेल.

तेव्हा नववीतला जाब आता देते. माझी प्रकृती कशी आहे, हे मला घरबसल्या कळलेलं नाही, आणि मला फार भीती वाटते आहे. हे वाक्य तुम्हाला पाठवायची सोय असती तर मी ते पाठवून मोकळी झाले असते आणि जेवायला बसले असते. सोय नाही, म्हणून ते आत जाऊन म्हणावं लागणार. मघाशी दोनदा उठले आणि पाणी पिऊन परत येऊन बसले.

शिट्टी झाली. कुकर निवायला वेळ आहे, पण तेवढं थांबत नाही. तुमचं सगळं गाळते आणि एवढंच ठेवते: शिट्टी झाली की वाक्य अर्धं सोडून उठायचं.